घडी मोडण्याचा मान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारिणीने केली आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली. अशा प्रसंगी संस्कृती, परंपरा, बृहन्महाराष्ट्र असे भारदस्त विषय घेण्याचा प्रघात आहे. त्यांवर बोलण्यास आमच्याहून अधिकारी माणसे या सभागृहात बसलेली आहेत. म्हणून आम्ही खेळण्यांवर बोलण्याचे ठरविले. आणि तेही ज्यांच्याशी कोणी कधी खेळलेच नाही अशा खेळण्यांवर. विषय पोरकट वाटल्यास श्रोत्यांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

प्रश्न असा आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी दुकानातून आणलेले एखादे खेळणे, त्याच्या मूळ खोक्यात, झाकणाची कडही न दुमडलेल्या स्थितीत आज आपल्या हाती लागले, तर ते उघडावे की तसेच ठेवावे? वरवर पाहता हा दोन मिनिटांत निकालात निघणारा प्रश्न आहे. व्यवहारी माणूस म्हणेल, उघडू नका, किंमत जाईल. भाबडा माणूस म्हणेल, उघडा, खेळणे खेळण्यासाठीच असते. परंतु खोका प्रत्यक्ष मांडीवर घेऊन बसले म्हणजे या दोन्ही उत्तरांनी समाधान होत नाही. बोटे झाकणाकडे जातात आणि तेथेच थबकतात. त्या थबकण्यात काय काय दडलेले असते, ते आज आपण पाहू.

प्रथम न उघडणाऱ्यांची बाजू. ती केवळ पैशाची आहे असे मानणे अन्यायाचे होईल. संग्राहकाच्या दृष्टीने खोका हा खेळण्याचा जन्मदाखला असतो. मुलांच्या हाती पडलेली खेळणी निदान मोडक्या स्वरूपात तरी टिकतात. खोके मात्र त्याच दिवशी केरात जातात. म्हणून खेळणी लाखांनी निघाली असली तरी त्यांचे खोके थोडेच उरतात, आणि न उघडलेले तर त्याहूनही थोडे.

कधी कधी खोका आणि खेळणे यांचे नाते याहूनही जवळचे असते. इंग्लंडमधील लेस्नी कंपनीचे एक भागीदार जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत, आगपेटीत मावेल एवढेच खेळणे आणण्याची मुभा होती. वडिलांनी तिच्यासाठी आगपेटीत बसेल असा पितळेचा चिमुकला रोडरोलर घडविला. त्या कल्पनेतून १९५३ साली ‘मॅचबॉक्स’ नावाच्या छोट्या मोटारी बाजारात आल्या आणि जगभर गेल्या. या मोटारींच्या बाबतीत खोका आधी जन्मला आणि खेळणे मागाहून, असे म्हणावयास हरकत नाही. तो खोका काढून टाकला तर त्या गोष्टीचा अर्धा भाग नाहीसा होतो.

आपल्या देशातील उदाहरणही तितकेच बोलके आहे. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या ‘डिंकी टॉइज’ या नावाच्या मोटारी १९३४ पासून प्रसिद्ध होत्या. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे आयातीवर कडक निर्बंध आले आणि परदेशी खेळणी दिसेनाशी झाली. त्या काळात, म्हणजे एकोणीसशे साठच्या दशकाच्या अखेरीपासून, डिंकीच्याच जुन्या साच्यांवरून कलकत्त्यात मोटारी निघू लागल्या. त्यांचे नाव ‘निकी टॉइज’. तळच्या पत्र्यावर डिंकीच्या जागी निकी आले आणि खोक्यावरही तेच नाव छापले गेले. रंग थोडा जाड, पुठ्ठा थोडा हलका. पण मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला ‘विलायतेसारखी’ मोटार त्यामुळेच मिळू शकली. लिव्हरपूलचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. आज इंग्लंडमधील संग्राहक जी मोटार शोधत भारताकडे पाहतात ती हीच. तिचा खोका म्हणजे परवाने आणि टंचाई यांच्या काळातल्या हिंदुस्थानचे एक पानच आहे.

तीच गोष्ट पुढच्या पिढीच्या खेळण्यांची. मद्रासची एमआरएफ आणि अमेरिकेची हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ मध्ये ‘फनस्कूल’ कंपनी निघाली आणि तिचा कारखाना आपल्या गोव्यात उभा राहिला. तिने काढलेल्या ‘जी. आय. जो’ या सैनिकांच्या बाहुल्यांपैकी कित्येकांचे रंग अमेरिकेतल्यांहून वेगळे होते. येथील मुलांना त्याचे काही वाटले नाही. त्यांनी पुठ्ठा टराटरा फाडला आणि लढाई सुरू केली. आज त्याच बाहुल्या न फाडलेल्या पुठ्ठ्यासह मिळाव्यात म्हणून अमेरिकेतील प्रौढ गृहस्थ वाट पाहत असतात.

तेव्हा खोका जपणाऱ्याला वेडा म्हणण्याचे कारण नाही. परंतु या जपणुकीला एक टोकही आहे. १९७७ च्या नाताळात ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाची खेळणी वेळेवर तयार होईनात, तेव्हा अमेरिकेतील केनर कंपनीने पुठ्ठ्याचे चित्रमय पाकीट तेवढे विकले. आत खेळणे नव्हते. चार बाहुल्या मागाहून टपालाने पाठविण्याचे वचनपत्र होते. ज्या मुलांनी ते भरून पाठविले त्यांना बाहुल्या मिळाल्या. आणि आज संग्राहकांना हवे असते ते न पाठविलेले वचनपत्र! खेळण्याचा आनंद ज्याने घेतलाच नाही त्याच्याजवळचा कागद सर्वांत मोलाचा ठरावा, यातील विनोद पुरेसा कडू आहे. अमेरिकेतच १९९९ साली निघालेल्या ‘टॉय स्टोरी’च्या दुसऱ्या चित्रपटात खोक्यातून कधीच बाहेर न पडलेली एक म्हाताऱ्याची बाहुली आहे. कोणा मुलाने तिला कधी हात लावलेला नाही, म्हणून ती मनाने आंबून गेली आहे. चित्रपट मुलांचा, पण ते पात्र लिहिणाराला मोठ्यांची नस सापडली होती.

आता दुसरी बाजू. आणि तिच्यासाठी आपल्याला या शहराबाहेर जाण्याचे कारण नाही. जयपुरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आपण कठपुतळीचा खेळ दाखवतो. भाट कलावंतांची ती लाकडी बाहुली बापाकडून मुलाकडे येते. तिचा रंग उडतो तसा पुन्हा चढवितात, कपडे विटले की नव्याने शिवतात, दोरे बदलतात. असे सांगतात की ती अगदीच जीर्ण झाली म्हणजे प्रार्थना करून तिला पाण्यात सोडतात, आणि ती जितका वेळ तरंगेल तितके शुभ मानतात. वापरून वापरून झिजणे ही तेथे वस्तूची विटंबना नाही. ते तिचे पूर्णत्व आहे. हवामहालासमोरच्या दुकानात प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून टांगलेली कठपुतळी आणि खेळ करणाऱ्याच्या बोटांना बांधलेली कठपुतळी यांतील कोणती जिवंत, हे लहान मूलही सांगेल.

म्हणजे एकीकडे साक्ष आणि दुसरीकडे जीवन, असा हा तंटा आहे. तो सोडविण्यास आपल्या मराठी घरांतील एक शब्द उपयोगी पडेल असे आम्हास वाटते. तो शब्द म्हणजे ‘घडी मोडणे’.

नवे लुगडे किंवा साडी घेतली की ती प्रथम नेसणे म्हणजे घडी मोडणे, हे येथील भगिनींना आम्ही सांगावयास नको. पण यातील खुबी अशी की पुष्कळदा घडी मोडण्याचा मान दुसऱ्याला देतात. बहीण बहिणीला म्हणते, “तूच नेस आधी, घडी मोड.” सासू सुनेला म्हणते, जाऊ जावेला म्हणते. साडी आपली, पैसे आपले. तरी तिचे कोरेपण संपविण्याचा अधिकार आपण प्रेमाने दुसऱ्याच्या हाती देतो. कोरेपण संपणार हे दोघींनाही ठाऊक असते. ते वाया जाऊ नये, कोणाच्या तरी नावे संपावे, एवढीच त्यात काळजी असते. संग्राहकाच्या भाषेत कोरेपणाला किंमत आहे. आपल्या भाषेत कोरेपणाला मान आहे. किंमत राखून ठेवता येते. मान मात्र कोणाला तरी द्यावाच लागतो.

या शब्दाबरोबर आणखी एक शहाणपण येते. पैठणी ट्रंकेत ठेवून विसरून गेले तर ती सुरक्षित राहते, असे पुरुषांना वाटते. बायकांना खरे ठाऊक असते. रेशीम वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिले तर त्या घडीवरच विरते आणि एक दिवस कडेने चिरते. म्हणून जाणत्या स्त्रिया वर्षातून एकदा ती बाहेर काढतात, वारा देतात, घडी बदलतात आणि पुन्हा ठेवतात.

खेळण्यांचेही असेच आहे. बंद खोका म्हणजे काळ थांबविणारे यंत्र नव्हे. महायुद्धापूर्वीच्या काही ओतीव मोटारींच्या जस्तमिश्रित धातूत शिशाची भेसळ राहिली; त्या धातूला आतून सूक्ष्म भेगा पडत जातात, आणि कोणी बोटही न लावता मोटार खोक्यातल्या खोक्यात भुगा होते. सेल्युलॉइडच्या जुन्या बाहुल्यांतून आम्लधर्मी वाफ निघते. ती बंद डब्यात कोंडली तर बाहुलीचा नाश अधिकच वेगाने होतो, म्हणून त्यांना हवा लागते. मऊ प्लास्टिकमधील तेलकट द्रव्य बाहेर झिरपून बाहुली चिकट होते. रबर कडक होते, तडकते. पेटीतल्या पेटीत राहिलेला बॅटरीचा सेल पाझरून पितळेची पट्टी खाऊन टाकतो. हलका पुठ्ठा पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि आपल्या जयपूरच्या उन्हाळ्यात तर तो पापडासारखा मोडतो. वाळवी आणि कसर यांना संग्राहकांची नियमावली वाचता येत नाही. तेव्हा ‘न उघडता ठेवले म्हणजे टिकले’ हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. पन्नास वर्षे बंद असलेल्या खोक्यात नेमके काय शिल्लक आहे, हे पुष्कळदा मालकालाच ठाऊक नसते.

आपल्या शहरातील अल्बर्ट हॉल या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते १८७६ मध्ये त्याची कोनशिला बसली. १८८३ मध्ये जयपुरात कारागिरीचे मोठे प्रदर्शन भरले, त्यासाठी डॉ. हेंडले यांनी वस्तू जमविल्या, आणि १८८७ मध्ये ही इमारत संग्रहालय म्हणून खुली झाली. येथल्या कारागिरांनी उत्तम नमुने पाहावेत आणि त्यांपासून शिकावे हा त्या जमवाजमवीचा एक प्रमुख हेतू होता. म्हणजे काच होती ती वस्तू लपविण्यासाठी नव्हती. हात लागू नये पण डोळे लागावेत यासाठी होती. त्याच अल्बर्ट हॉलमध्ये तूतू नावाच्या इजिप्शियन स्त्रीची सुमारे २३०० वर्षांपूर्वीची ममी आहे. १४ ऑगस्ट २०२० रोजी जयपुरात धो धो पाऊस कोसळला, संग्रहालयात पाणी शिरले आणि काचपेटीपर्यंत चढू लागले. तेव्हा कर्मचाऱ्यांनी काच फोडली आणि ममी उचलून वर नेली. एवढी वर्षे जिने तिला राखले ती पेटीच त्या दिवशी तिची वैरीण ठरली असती. पेटी केव्हा राखावी आणि केव्हा फोडावी याचा निर्णय घेणारा माणूस जवळ असावा लागतो. खरा रक्षणकर्ता तो, पेटी नव्हे.

येथवर सामान्य विचार झाला. आता आमच्या घरातील एक हकीकत सांगतो, कारण हा विषय आमच्या डोक्यात शिरला तो तिच्यामुळे.

आमचे वडील सरकारी हिशेबखात्यात होते आणि बदलीने जयपूरला आले ते येथलेच झाले. थोरल्या मुलाचे शिक्षण मराठीतून व्हावे म्हणून आमच्या दादाला नागपूरला मामाकडे ठेवले होते. या सभागृहातील अनेक घरांत असे एखादे मूल तेव्हा नागपूरला, इंदूरला किंवा पुण्याला असे. वर्षातून एकदा, मे महिन्यात, आग्र्याला गाडी बदलून मीटरगेजने तो घरी येई. १९७४ च्या वसंतात वडील कामानिमित्त कलकत्त्याला गेले आणि त्यांनी दादासाठी निकीची एक जग्वार मोटार आणली. तो सुट्टीत आला म्हणजे स्वतः उघडील, म्हणून खोका तसाच कपाटावर राहिला. आम्ही धाकटे पाच वर्षांचे होतो. “ती दादाची आहे,” एवढे आम्हाला बजावले होते, आणि आम्ही ते पाळले.

त्या मे महिन्याच्या ८ तारखेला देशभर रेल्वेचा संप सुरू झाला आणि २७ तारखेपर्यंत चालला. दादाची सुट्टी नागपुरातच गेली. तो आला तो पुढच्या उन्हाळ्यात. अकरा वर्षांचे मूल आणि बारा वर्षांचा मुलगा यांत किती अंतर असते हे आईबापांनाच ठाऊक. दादा आता क्रिकेटच्या गोष्टी बोलत होता, लांब विजार मागत होता. वडिलांनी खोका त्याच्या हाती दिला. त्याने तो चारही बाजूंनी फिरवून पाहिला, छापलेले सारे वाचले आणि म्हणाला, “छान आहे, बाबा. धाकट्याला द्या.” वडील “बरं” म्हणाले. आणि धाकटा म्हणाला, “नको, ती दादाची आहे.” अशा रीतीने सर्वांनी एकमेकांचा मान राखला आणि मोटार खोक्यात राहिली.

पुढे तो खोका आईच्या साड्यांच्या ट्रंकेत गेला. ती दरवर्षी साड्यांना वारा देई तेव्हा त्यावरची धूळही पुसत असे. वडील गेले, काही वर्षांपूर्वी आईही गेली, आणि ट्रंक आमच्याकडे आली. एका परिचित संग्राहकाने त्या मोटारीची जी किंमत सांगितली ती वडिलांच्या त्या वेळच्या कित्येक महिन्यांच्या पगाराहून अधिक होती. आम्ही दादाला पत्र लिहिले. वस्तू त्याची, निर्णयही त्याचा.

गेल्या हिवाळ्यात तो आला. खोका मधे ठेवून आम्ही दोघे सतरंजीवर बसलो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तेव्हा कुणी एकदा नुसतं म्हटलं असतं ना, ‘अरे, उघड की’, तर उघडली असती मी.” आम्ही ऐकतच राहिलो. कारण आई आम्हाला नेहमी सांगे की वडील त्या दिवशी मनातून खट्टू झाले होते. पण मुलगा मोठा झाला, आता त्याला खेळण्याचा आग्रह करणे बरे नव्हे, असे त्यांना वाटले. जेवणाच्या पंगतीत आपण नको नको म्हणणाऱ्याच्या पानात जिलबी वाढतो. मुलाच्या हातातल्या खोक्यापुढे मात्र आपला आग्रह संकोचला. दोघांच्या मनात एकच गोष्ट होती आणि दोघांनीही ती दुसऱ्यासाठी गिळली. त्या संकोचाचे वय आता पन्नास वर्षांचे झाले होते.

दादाने खोका उघडला. पुठ्ठा इतका ठिसूळ झाला होता की झाकणाची एक जीभ कडकन मोडली, आणि आमच्या दोघांच्याही छातीत काहीतरी मोडल्यासारखे झाले. ते नाकारण्यात अर्थ नाही. आत रंग अजून नवा होता. एका चाकाचे रबर घट्ट होऊन एका अंगाने चपटे झाले होते. त्याने मोटार फरशीवर सोडली. ती दोन हात गेली आणि डावीकडे वळून पलंगाखाली थांबली. बासष्ट वर्षांचा गृहस्थ पलंगाखाली वाकून ती काढू लागला. आनंद झाला का, असे कोणी विचारले तर होय म्हणू. त्या आनंदात दुःख किती होते ते मात्र मोजून सांगता येणार नाही. हरवलेली सुट्टी परत आली नाही, वडीलही आले नाहीत. फक्त इतके झाले की एक गोष्ट जी कधीच बोलली गेली नव्हती ती बोलली गेली. ती मोटार आता नागपुरात दादाच्या टेबलावर असते. खोका आमच्याकडे राहिला. तो आता रिकामा आहे, मोडका आहे, बाजारात त्याचे मोलही उतरले आहे, आणि तरीही तो टाकून द्यावा असे आम्हास वाटत नाही.

यावरून सर्वांनी आपापले खोके उघडावेत असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. ज्याच्यासाठी वस्तू आणली तो माणूस जर हयात असेल, तर घडी मोडण्याचा मान त्याचा. आपण एकदा आग्रह करावा आणि मग तो म्हणेल ते मानावे. तो माणूस नसेल तर घाई करू नये. आणि ज्या वस्तूमागे कोणाचेच नाव नाही, जी केवळ एका काळाची खूण म्हणून उरली आहे, ती खुशाल बंद ठेवावी. मात्र लोकांना पाहता येईल अशी ठेवावी आणि अधूनमधून तिला वारा द्यावा. कपाटात कुलूपबंद ठेवलेली साक्ष कोणत्या न्यायासनापुढे उपयोगी पडणार?

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी आयुष्यभर वस्तू जमविल्या आणि पुढे तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. मुलाच्या स्मृतीसाठी माणूस काय जमवील? एखाद्याने कोऱ्या, कोणी न हाताळलेल्या वस्तूंचे मंदिर उभारले असते. केळकरांनी दिवे जमविले, अडकित्ते जमविले, वज्री, दौती, स्वयंपाकघरातली भांडी, खेळणी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी झिजलेल्या वस्तू. ज्या मुलाला फार दिवस जगता आले नाही त्याच्या नावाने, भरपूर जगलेल्या वस्तू तेथे एकत्र आल्या आहेत. तेथल्या दालनांतून फिरताना आम्हाला नेहमी वाटते की वस्तूला किंमत येते ती कोरेपणाने, आणि माया येते ती वापराने. दोन्हींची गरज आहे. पण एक गेल्याखेरीज दुसरी येत नाही, ही त्यातील अडचण.

आता समारोपाकडे वळतो. महाराष्ट्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींच्या घरात असा एक खोका प्रत्येकाकडे आहे. त्यात आपण मराठी भाषा ठेवली आहे. गणेशोत्सवात, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, कोजागिरीला आपण तो बाहेर काढतो, धूळ पुसतो आणि परत ठेवतो. मुलांनी चुकीचे मराठी बोलले, ‘मी जाऊन राहिलो’ म्हटले की आपण दचकतो, जणू कोणी पुठ्ठा फाडला. मग मुले घाबरून हिंदीत बोलू लागतात, आणि आपण समाधानाने म्हणतो की भाषा शुद्ध राहिली. खेळण्याला खरचटे पडतातच. या मंडळाच्या पन्नास वर्षांत ज्यांनी ज्यांनी येथल्या मुलांना अडखळत, हिंदी शब्द मिसळत, पण मोठ्याने मराठी नाटकात बोलू दिले, त्यांनी ती घडी योग्य हातांनी मोडविली, असे आम्ही समजतो.

कार्यकारिणीपुढे शेवटी एक सूचना ठेवतो. या वर्षीच्या कार्यक्रमांत एक लहानसे खेळण्यांचे प्रदर्शन भरवावे. सभासदांनी आपल्या घरातील जुनी खेळणी आणावीत: सावंतवाडीची लाकडी फळे, ठकी, पितळेची भातुकली, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे, किल्लीची आगगाडी, जे असेल ते. दोन मेजे मांडावीत. एका मेजावर बंद खोके ठेवावेत आणि प्रत्येकाजवळ एक चिठ्ठी असावी. तीवर किंमत किंवा वर्ष लिहिण्याआधी, हे कोणासाठी आणले होते ते लिहावे. दुसऱ्या मेजावर उघडलेली खेळणी असावीत आणि तेथे मुलांना हात लावण्याची पूर्ण मोकळीक असावी. पहिल्या मेजावरचा एखादा खोका संध्याकाळपर्यंत दुसऱ्या मेजावर गेला, तर त्याच्या मालकाला कोणी दोष देऊ नये. आणि न गेला, तरीही देऊ नये. चिठ्ठी लिहिताना मालकाचा हात क्षणभर थांबला आणि त्याने घरी जाऊन कोणाला तरी एक पत्र लिहिले, तरी प्रदर्शन सफल झाले असे आम्ही मानू.